आठवी पायरी

१९ जून २०२४, बुधवार

पुन्हा तेच! दहा वाजून पाच मिनिटांनी पाऊस लागला, साडेदहाला थांबला. आणि दहा वीसला व्हाळाचं पाणी तिसऱ्या पायरीवर! मी छत्री धरून, घड्याळात बघत तिथेच उभा होतो. साडेअकराला सगळं परत खाली, जसं काही घडलंच नाही. हा व्हाळ आहे की संडासाची टाकी? साखळी ओढली की भडाभडा, मग रिकामी!

देवळामागे व्हाळाच्या ओढ्यात उतरणाऱ्या या सात पायऱ्या. आम्ही वरून मोजतो. गणपती पोचवताना सातवीवर उभं राहायचं. लहानपणी दिवसरात्र कोसळला तरी पाणी दुसऱ्या दिवशी चढायचं, सावकाश, आणि चढलं की चार दिवस तिथेच रेंगाळायचं. मार्चपर्यंत बायका इथे कपडे धुवायच्या, आम्ही दगडाखाली हात घालून खेकडे, कुर्ल्या धरायचो. आता दिवाळीला बघावं तर नुसते गोटे.

आणि रंग! काळा. वर तेलाचा तवंग, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोलच्या ताटल्या. आज तर एक हेल्मेट वाहत आलं. म्हणजे ज्याच्या डोक्यावर ते असायला हवं तो पेडण्यात कुठेतरी तसाच बोडका फिरतो आहे.

हे सगळं वर सड्यावर, टेकडीच्या पठारावर झालेल्या त्या कॉलनीचं. मोपाला विमानतळ आला आणि इथे जो तो भाड्याच्या खोल्या बांधत सुटला. वर सगळं सिमेंट, पाणी मुरायला बोटभर माती ठेवलेली नाही. मग ते जाणार कुठे? आमच्या बोडक्यावर!

२० जून

सातव्या पायरीखाली आठवी पायरी दिसते आहे!

अडुसष्ट वर्षांचा झालो. आठवी पायरी आहे हे मला ठाऊकच नव्हतं. पाण्याने तळ खरवडून नेला आणि वाळूखाली गाडलेला चिरा उघडा पडला. पळत घरी येऊन विमलेला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणते, "बरा झाला. एक फुकट गावली."

बायको अशी मिळायला भाग्य लागतं.

२१ जून

शेवंतीआक्काकडे जाऊन आलो. माझी थोरली बहीण, पंचाहत्तरीची. लग्न करून दिली ती आमच्याच वाड्यात, याच वस्तीत, व्हाळाच्या वळणावर. भावोजी गेले, मुलगी सावंतवाडीला, घरात एकटी. गेल्या पावसाळ्यात तिच्या न्हाणीपासून काठापर्यंत मी पावलं मोजली होती. बारा. आज सात! काठावरच्या माडाची मुळं हवेत लोंबतात.

"आमच्याकडे राहायला ये. खोली रिकामी आहे," मी म्हटलं.

"हय काय वायट असा?"

"काठ पडतोय, आक्का!"

"पडात तेव्हा बघया." आणि चहाचं आधण ठेवलं.

मुलगी फोन करून थकली, मी बोलून थकलो. ही आपली माडाला पाणी घालते. भर पावसात! सवय म्हणे.

२४ जून

पालिकेकडे अर्ज केला. मामलेदार कचेरीत सदतीस वर्षं आवक-जावक सांभाळली आहे, अर्ज कसा लिहायचा हे मला कोणी शिकवू नये. विषय: सड्यावरील वसाहतीचे पावसाळी पाणी व्हाळात सोडल्यामुळे काठ ढासळत असल्याबाबत. सोबत माझा तक्ता: पाऊस कधी लागला, पाणी कधी चढलं, कधी उतरलं, कुठल्या पायरीपर्यंत. दोन प्रती. पोच घेतली.

आता बघू वर्षभरात कोण उगवतं ते.

२७ जून

तिसऱ्या दिवशी उगवले! पालिकेने इंजिनियर पाठवली. पंचविशीची मुलगी, पायात गमबूट. मी भांडायच्या तयारीत होतो, तर तिने माझा तक्ता चक्क वाचला. मग सड्यावर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. आणि सांगते काय—

"काका, कॉलनीचा उतार पलीकडे आहे. ते पाणी हरमलच्या रस्त्याकडच्या ओहोळात जातं. तुमच्या व्हाळात नाही येत."

"मग आमच्या व्हाळात कुठलं येतं? काशीचं?"

"जवळचंच असणार. पंधरा मिनिटांत चढतं म्हणजे लांबचं नाही. तुमच्याच तक्त्यात आहे ना."

माझा तक्ता मलाच शिकवते! म्हणाली, छपरं, रस्ते, अंगणं, जिथे जिथे जमीन झाकली तिथलं पाणी मुरत नाही, सगळं एकदम धावतं. तळ खणतं, काठ खातं. रस्त्यावरचं तेल, कचरा घेऊन जातं. आणि मुरलंच नाही तर उन्हाळ्यात व्हाळात पाझरणार काय? हे मला माहीत नाही का? मी तेच तर लिहिलं आहे, फक्त कॉलनीबद्दल!

मग तिला मुद्दाम देवळापुढचं मैदान दाखवलं. मी देवस्थान समितीचा सचिव असताना झालेलं काम. या टोकापासून त्या टोकापर्यंत पेवर ब्लॉक. चिखल नाही, डास नाहीत, पाणी एक मिनिट उभं राहत नाही. म्हटलं, बघ, काम असं असावं!

ती कडेच्या गटारापाशी वाकली. "इथलं पाणी कुठे जातं?"

"जमिनीखालच्या नळ्याने थेट खाली," मी म्हटलं.

तिने वहीत काहीतरी लिहिलं. कौतुकच लिहिलं असेल.

२ जुलै

पाऊस चाळीस मिनिटं. पाणी दुसऱ्या पायरीवर. आक्काच्या न्हाणीपासून सहा पावलं.

५ जुलै

सुचलं! शिगम्यातला गुलाल माळ्यावर पडून आहे, अर्धं पोतं. चांगला पाऊस लागला की कॉलनीच्या गटारात ओतायचा. आक्काच्या काठाला लाल पाणी आलं की फोटो काढून त्या गमबूटवालीला पाठवायचा. उतार पलीकडे म्हणे! उतार मला सांगते, जन्म इथे गेला माझा.

पोतं खाली काढताना विमला शिडी धरून उभी. "ह्या वयार एकटेच रोमटामेळाची मिरवणूक काढतल्यात काय?"

तिलाही कामाला लावलं आहे. बघू हसते किती.

९ जुलै, मंगळवार

आजचा दिवस लिहू नये असं वाटतं. पण वहीशी खोटं बोलून काय मिळणार?

अकरा वीसला पाऊस लागला. मी सड्यावर, आक्का तिच्या काठावर, विमला हरमल रस्त्याकडच्या ओहोळावर. तिघांचे फोन दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत. कॉलनीच्या गटारात चार किलो गुलाल ओतला. वॉचमन छत्रीखाली आला, म्हणतो, पूजा आहे का? हो म्हटलं. त्यानेही हात जोडले.

आक्काला फोन. "आला का गं?"

"काळाच असा."

पाच मिनिटांनी पुन्हा. "अजून काळाच. सगुण, तू भिजतस. घरी जा."

तेवढ्यात विमलेचा फोन. हसू आवरत नव्हतं तिला. "अवो, लाल झाला! सगळो ओहोळ लाल! एक बैल बघून पळालो!"

म्हणजे ती मुलगी बरोबर. तिच्या पुढच्या सात पिढ्या बरोबर!

१० जुलै

ताप. भिजल्यामुळे. विमला म्हणते, हरल्यामुळे.

१४ जुलै, रविवार

उद्या उठून कोणी देवळाकडे बोट दाखवू नये, म्हणून आज उरलेला गुलाल मैदानाच्या गटारात टाकला. फक्त यादीतून देवळाचं नाव खोडायला. भर पावसात, दहा चाळीसला टाकला. आक्काला सांगून ठेवलं होतं, जरा बघ, काही येणार नाही.

दहा चव्वेचाळीसला फोन. मी केला नव्हता. तिनेच केला.

"सगुण, आयला."

"काय आलं?"

"लाल. न्हाणीकडे."

"नीट बघ."

"माझी न्हाणी, माझो काठ. मी बघूक नको?"

चार मिनिटं! धावत गेलो. नळ्याच्या तोंडातून पाणी सुटतं ते सरळ समोरच्या वळणावर आदळतं, आणि समोरचं वळण म्हणजे आक्काचा काठ. माझ्या डोळ्यांदेखत मातीचं एक ढेकूळ सुटून गेलं. लाल पाणी, लाल माती.

हा नळा मी घातला. सोळा वर्षं बघतो आहे. पण भर पावसात त्याच्यासमोर कधी उभा राहिलो नव्हतो. पाऊस पडला की आपण घरात असतो ना!

१५ जुलै

झोप नाही. सकाळपासून ते तळंच डोळ्यांसमोर.

मैदानाच्या जागी देवळाचं तळं होतं. फार मोठं नव्हतं. देवळाचं, शाळेचं, आमच्या अख्ख्या वाड्याचं पाणी त्यात उतरायचं आणि तिथेच मुरायचं. जानेवारीपर्यंत बेडूक. शेजारच्या विहिरीला मे महिन्यातही पाणी. मग लोकांकडे गाड्या आल्या. जत्रेला गाड्या लावायला जागा नाही, चिखल, डास, म्हशी बसतात. तळं बुजवून मैदान करावं, ही सूचना माझी. अध्यक्ष तेव्हाही गोकुळदास होता, आताही गोकुळदासच. पण सूचना माझी.

एकट्याने थोडंच केलं? सगळ्यांना हवं होतं. एक माणूस नको म्हणाला नाही.

१८ जुलै

गोकुळदासाकडून इतिवृत्ताचं जुनं पुस्तक मागून आणलं. कशाला हवं, म्हणाला. सहज, म्हटलं.

१३ एप्रिल २००८. ठराव क्रमांक चार. देवळासमोरील तळे बुजवून त्या जागी वाहनतळ करावा, पाण्यासाठी व्हाळापर्यंत नळा घालावा. सूचक: सगुण. अनुमोदक: गोकुळदास. 'चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर.' खाली माझी सही. अक्षर काय सुरेख होतं तेव्हा!

बघ, सर्वानुमते. लिहिलेलंच आहे. मला जरा बरं वाटलं.

२० जुलै, शनिवार

बरं वाटलेलं दोन दिवस टिकलं.

आक्काकडे गेलो. ती टाकळ्याची पानं खुडत बसली होती. न्हाणीपासून पाच पावलं. सांगून टाकलं, नळा माझा, तळं मी बुजवलं. पण तेव्हा कोणी काही बोललं नाही गं, बोललं असतं कोणी तर मी विचार केला असता.

तिने खुडणं थांबवलं नाही. "मी बोललंय होतंय. तू लिवलंस नाय."

कधी? कुठे? मला आठवेना. ती सांगत गेली तसं आठवत गेलं. आमची महाजनांची सभा, म्हणजे ठरलेल्या घराण्यांतले पुरुष. बायका सभेत बसत नाहीत. ती सभामंडपाच्या दारात उभी होती, हातात फुलांची परडी. तिथूनच म्हणाली होती, "तळा बुजवल्यात तर पाणी खय रवतला? माझ्या दारात येतला." गोकुळदास हसला होता. दोघेतिघे हसले होते. आणि मी? मी पेनाला टोपण लावलं होतं. सभासद नसलेल्याचं बोलणं इतिवृत्तात घेत नाहीत. नियम आहे. ती बोलून संपेपर्यंत मी टोपण लावून बसलो, मग काढलं आणि 'सर्वानुमते' लिहिलं.

"तुला राग नाही आला माझा?"

"येवचो नाय? पण भावार कोण अर्ज करता?"

टाकळ्याची अर्धी जुडी बांधून दिली मला. घेऊन आलो. विमलेने भाजी केली, मी ताट बाजूला सारलं. लाज वाटते. सरळ शब्दांत लिहितो: मला माझी लाज वाटते.

२३ जुलै

त्या गमबूटवाल्या मुलीला फोन केला. म्हटलं, तुझं बरोबर होतं. ती म्हणाली, "काका, तळं परत उघडलं तर अजूनही फरक पडेल. पण जागा देवस्थानची आहे, ठराव तुमच्या समितीने करायला हवा." तोवर काठाला वाळूच्या गोणी लावून देते म्हणाली. उद्याच माणसं पाठवते म्हणे.

हिच्यावर रागवायची सोयच नाही!

३० जुलै

गोणी लावल्या होत्या साठ. आजच्या पावसात एकवीस गेल्या. चार पावलं.

आक्काला पुन्हा सांगितलं, चल. "चवथ होवंदी," म्हणते. गणपती तिच्याच घरात बसायला हवा. हिला उचलून आणू का?

४ ऑगस्ट, रविवार

महाजनांची सभा. माझा ठराव: मैदानाचे पेवर काढावेत, तळं पुन्हा खणावं, नळा बंद करावा. तक्ता वाचला. गुलालाची गोष्ट सांगितली. लोक हसले, हसू दे. आठवी पायरी सांगितली. शेवटी सांगितलं की माझ्या बहिणीचं घर जाणार आहे आणि ते माझ्यामुळे जाणार आहे. तेव्हा कोणी हसलं नाही.

गोकुळदास म्हणाला, "सगळा खरा. पण जत्रेक गाडयो खय लावतलो? तुझ्या खळ्यात?" आणि मग, "तुझ्या खळ्यातय पेवरच असत मरे!"

आहेत. माझ्या अंगणातही आहेत. 

आक्का दारात येऊन उभी होती. तिथेच, तशीच. मी म्हटलं, तिला बोलू द्या, घर तिचं आहे. गोकुळदास म्हणाला, "बायलांनी सभेत बोलूची रीत नाय. तुकाच म्हायत असा, तूच सचिव होतस." आक्का निघून गेली.

हात वर झाले. बाजूने एक, माझा. बाकी सगळे विरोधात. आत्ताचा सचिव बाबली, शांत, गुणी माणूस. मी त्याच्या खांद्यावरून वाकून बघितलं. लिहीत होता: 'ठराव सर्वानुमते फेटाळला.'

"अरे! सर्वानुमते कसा? मी आहे ना!"

"काका, एका माणसाचा काय लिवचा? पुस्तकात बरा दिसना नाय."

आणि त्याने पेनाला टोपण लावलं.

६ ऑगस्ट

सकाळी पहार घेऊन अंगणातले पेवर उपटायला लागलो. सात निघाले आणि कंबर धरली. विमला न हसता तेल चोळत होती, म्हणजे प्रकरण गंभीर.

दुपारी सर आली. त्या सात पेवरांच्या जागेत पाणी साचलं, बुडबुडे आले आणि बघता बघता मुरलं. आम्ही दोघं जनेल उघडून, खुर्च्या ओढून बाहेर बघत बसलो. पुन्हा साचलं, पुन्हा मुरलं. विमला म्हणाली, "उरलेले फाल्यां सकाळी मी काढतंय."

गोकुळदासाचा निरोप: पुस्तक परत कर. देतो म्हटलं.

९ ऑगस्ट, नागपंचमी

आक्का सकाळी हळदीची पानं घेऊन पातोळ्या करायला आमच्याकडे आली होती, म्हणून आहे. अकराला पाऊस लागला. सव्वाअकराला न्हाणी, स्वयंपाकघर आणि माड, तिन्ही व्हाळात.

काठावर उभी राहून तिने बघितलं. रडली नाही. घरी आल्यावर पाय धुतले आणि म्हणाली, "ता पुस्तक अजून तुझ्याकडेच असा मा? लिव आता."

२००८चं पान काढलं. 'सर्वानुमते' खोडलं. असं करणं नियमात बसत नाही. बाजूला लिहिलं: श्रीमती शेवंती यांचा विरोध. त्यांनी दारातून सांगितले की— आणि तिच्याकडे बघितलं. तिने तेच सांगितलं, शब्दाला शब्द. लिहून घेतलं, सही केली, आजची तारीख घातली. पेनाला टोपण लावलेलं नाही. ती अजून सांगते आहे.